उतरल्यावर कुणाकडं जायचं

१

माझा आवाज चांगला आहे हे मी सांगायला नको. कोल्हापूरच्या स्टँडवर एकोणतीस वर्षांत ज्यानं ज्यानं गाडी पकडली, त्यानं तो ऐकलेला आहे. वाहतूक नियंत्रक हे माझ्या हुद्द्याचं कागदावरचं नाव. लोक कंट्रोलर म्हणायचे. काचेची केबिन, पुढ्यात माइक, बाजूला वेळापत्रकाची वही आणि खिडकीतून डोकं आत घालून "अवं, गाडी कवा लागायची?" असं विचारणारी माणसं. गारगोटी, राधानगरी, पन्हाळा, जयसिंगपूर. जयसिंगपूरचं नाव तर दिवसाकाठी चाळीसदा तोंडातून जायचं. एक गोष्ट मी तिथं शिकलो. गाडी डोळ्यांसमोर उभी असली, पाटी लागलेली असली, तरी मी बोलल्याशिवाय लोक चढायचे नाहीत. माणसाचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा सांगणाऱ्यावर जास्त भरवसा असतो.

घरी ऐकणारी एकच, माझी बायको बायडाबाई. काचबिंदूनं तिची नजर शहाऐंशी साली पुरती गेली. तिला रंग ठाऊक होते, चेहरे ठाऊक होते. माझा चेहरा तिच्यापुरता एक्केचाळिसाव्या वर्षी थांबला. "तुमी मला अजून तरणंच हायसा," असं ती म्हणायची आणि मी मिशीवर हात फिरवून ते मान्य करायचो. आम्हाला मूलबाळ नाही. उचगावात चाळीतल्या दोन खोल्या, आणि झाड म्हणावं तर डालड्याच्या डब्यातली तुळस. सगळ्या चाळीत दुसरं झाड नाही.

नजर गेली त्या वर्षी तिनं माझ्याकडून एक शब्द घेतला. "माझ्या आदी जायाचं न्हाई. तुमी गेलासा तर मला सांगणार कोण?"

मी हो म्हटलं. अशा गोष्टीला माणूस हो म्हणून जातो आणि मग जन्मभर रस्ता ओलांडताना दोनदा बघतो.

२

गुरुवार माझा सुट्टीचा दिवस. दर गुरुवारी आम्ही केएमटीच्या बसनं शहरात जाऊन तीनचा शो बघायचो. बघायचो म्हणजे मी बघायचो आणि तिला सांगायचो. टॉकीजचा डोअरकीपर पिराजी बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेत भिंतीकडच्या दोन खुर्च्या आमच्यासाठी राखायचा. बोलणी तिची तिला ऐकू यायची. बोलण्यांच्या मधली जागा माझी.

आणि मला सांगायला शिकवलं तिनंच. सुरुवातीला मी "बिचारी दारात उभी आहे" असं काहीतरी म्हणायचो. ती कोपरानं ढोसायची. "ती रडती का न्हाई तेवडं सांगा. वाईट वाटून घ्यायचं का न्हाई ते माझं मी बघती." मग मी सुधारलो. दार उघडलं. हिरवी साडी. हातात पत्र आहे, वाचत नाही, नुसतं धरलंय. एवढंच. सांगणाऱ्यानं पुढं पळायचं नाही, मागं रेंगाळायचं नाही आणि स्वतः रडायचं तर अजिबात नाही.

ब्याण्णव सालच्या श्रावणात तिची आई वारली. तिचं माहेर जयसिंगपूर. विसाव्या दिवशी मीच हट्टानं तिला सिनेमाला आणलं, घरात नुसती बसून होती म्हणून. सिनेमात आई निघाली. खाटेवरची म्हातारी, जांभळं लुगडं, डाव्या कानाची पाळी फाटलेली. मुलगा धावत आला आणि म्हातारीची मान कलली. बायडाबाईनं माझं मनगट धरलं. "काय झालं?"

तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. बोलायला तर हवं होतं. आणि जे तोंड दिवसाला चाळीसदा एकच नाव घेतं, ते अडचणीत दुसरं काय बोलणार?

"जयसिंगपूरला गेली," मी म्हणालो.

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बायडाबाईनं मनगट सोडलं नाही. मग तिनं विचारलं, "एकटीच?"

"व्हय."

"गाडीला गर्दी न्हवती न्हवं?"

"न्हवती. खिडकी मिळाली."

"बरं झालं," ती म्हणाली आणि माझं मनगट सोडलं.

तेव्हापासून तो आमचा रिवाजच पडला. पडद्यावर कुणी मेलं की ते जयसिंगपूरला जायचं. नायकाचा मित्र, इन्स्पेक्टर, विहिरीत उडी घेतलेली पोर, सगळे. खलनायकालासुद्धा मी खिडकी दिली. याचा अर्थ काय, हे आम्ही एकमेकांना कधीही बोललो नाही. आमच्या संसारात सगळ्यात नीट पाळलेली गोष्ट कुठली म्हणाल तर ती.

३

पहिल्या म्हातारीला जयसिंगपूरला धाडलं, त्याच आठवड्यातला शनिवार. सकाळचे अकरा वाजून गेलेले. खिडकीत एक म्हातारी आली.

"पावणं, जयसिंगपूरची गाडी?"

"फलाट सात. साडेअकरा," मी वहीतून डोकं वर न काढता म्हणालो.

ती हलली नाही. "उतरल्यावर कुणाकडं जायचं?"

दिवसभर शंभर शहाणे भेटतात; मी वैतागलो. "आजी, जायचं तुम्हाला. मला काय ठावं?"

"तुमीच सांगितलंसा की जायाला."

मी वर बघितलं. जांभळं लुगडं. डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली. चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. चुकीच्या फलाटावर बसलेलं माणूस जसं कुणीतरी येऊन सांगेल म्हणून वाट बघतं, तशी ती बघत होती. तेवढ्यात गारगोटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला, मी माइककडं वळलो, आणि परत बघतो तर ती सात नंबरकडं चालली होती.

मी भित्रा नाही आणि भोळा तर मुळीच नाही. बसल्या बसल्या मी हिशेब लावला. हे कोल्हापूर आहे. निम्म्या शहरानं कुठल्या ना कुठल्या सिनेमात गर्दीत काम केलंय. माझा दोस्त बाळासो, जयसिंगपूर गाडीवरचा कंडक्टर, तो स्वतः पन्हाळ्याच्या पायथ्याला मावळा होऊन तीनदा मेलाय आणि तिन्ही वेळा संध्याकाळी ड्युटीवर हजर झालाय. म्हातारी नटी असेल. एसटीनं जात असेल. आणि 'तुम्हीच सांगितलंत' यात तरी काय? स्टँडवर मी सगळ्यांनाच सांगतो. सगळं नीट बसलं. मी चहा मागवला.

दुपारी बाळासो परत आला आणि चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणाला, "जोतीराम, आज एक म्हातारी हुती बघ गाडीत. जयसिंगपूरला उतरली आन् स्टँडावरच हुबी. मी माघारी गाडी काढली तरी हुबीच."

"कुणाची तरी वाट बघत असंल."

"न्हाई रं. येईल त्याला एकच इचारत हुती. कुणाकडं जायचं म्हणून."

४

पुढच्या दोन वर्षांत ती एकटी राहिली नाही. एक धिप्पाड इन्स्पेक्टर आला. त्यानं उजवा हात छातीवर दाबून धरला होता आणि बोलताना, वळताना, निघून जातानाही तो काढला नाही. एक पोर आली, केस ओले, कडक उन्हात ओले. सगळे रांगेत शिस्तीनं उभे राहायचे. सगळ्यांचा प्रश्न तोच. मी प्रत्येकाला फलाट सांगायचो आणि बाकीचं ऐकू आलं नाही असं दाखवायचो.

बाळासो मधूनमधून सांगत राहिला. "जयसिंगपूरच्या स्टँडात अलीकडं मानसं उगंच हुबी असत्यात. चढत न्हाईत, बसत न्हाईत. पानी दिलं तर घेत न्हाईत. पोलीस येऊन बघून गेला. कुनाला तरास न्हाई, म्हनून सोडून दिलं." तो हसून सांगायचा. मी हसायचो. घरी आल्यावर मात्र जेवण जायचं नाही. डोळे मिटले की ते उन्हात उभे असलेले दिसायचे.

मी सिनेमा बंद केला. सबब ड्युटीची. तीन गुरुवार बायडाबाई काही बोलली नाही. चौथ्या गुरुवारी ती पावटे सोलत बसली होती, तिथूनच म्हणाली, "तुमचा आवाज बसलाय. घसा न्हवं, आवाज. काय झालंय?"

मी तिला सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की स्टँडवर काही लोक येतात, जयसिंगपूरला जातात, आणि उतरल्यावर कुणाकडं जायचं ते त्यांना ठाऊक नसतं.

तिच्या बोटांतला पावटा थांबला. मग शेंग फुटल्याचा आवाज आला. "मग सांगा की त्यास्नी."

"काय सांगू?"

"पुढचं. इतक्या जणांस्नी धाडलंसा, आन् पुढचं सांगाय नको? मानसाला अर्ध्यात सोडायचं आसतं व्हय?"

मला तिचा राग आला, कारण ती बरोबर होती. मी मेलेल्यांना मरू दिलं नव्हतं आणि पुढं कुठं न्यावं याचीही काळजी केली नव्हती. मोठा सांगणारा म्हणून मिरवत होतो, आणि एक अख्खा स्टँड भरून माणसं माझ्या अर्ध्या वाक्यात उभी होती.

५

त्याच दिवशी, पावटे संपेपर्यंत, मी सुरुवात केली.

स्टँडवरून बाहेर पडायचं, मी म्हणालो. कुणाला विचारायचं नाही. सरळ रेल्वेच्या फाटकापर्यंत. फाटक ओलांडलं की तिसरी गल्ली. गल्लीच्या टोकाला आठ खोल्यांची बैठी चाळ, सगळ्या खोल्या पूर्वेला तोंड करून. आत शिरताना उजव्या हाताला कडुनिंब, त्याच्या बुडाशी दगडी कट्टा. अंगणात नळ.

"पानी गोडं असूं द्या," बायडाबाई म्हणाली.

"गोडं. चोवीस तास."

"आन् पैल्या खोलीत?"

मी थोडा थांबलो. "पैल्या खोलीत तुझी आई. आलेल्याला तीच खोली दावती."

तिनं तोंडाला पदर लावला आणि हुंदका दिला. त्या श्रावणापासून ती रडलीच नव्हती. मग नाक पुसून तिनं विचारलं, चूल आहे की स्टोव्ह?

सोमवारी बाळासो आला तो डोकं खाजवत. जयसिंगपूरचा स्टँड रिकामा होता. सगळेच्या सगळे एका सकाळी फाटकाच्या दिशेनं चालत गेले म्हणे, ओळीनं.

त्यानंतरची दहा वर्षं आमची सुखाची गेली. सिनेमा परत सुरू झाला. खिडकीत ते लोक अजून यायचे, पण आता फक्त फलाट विचारायचे, मान डोलवायचे आणि जायचे. ओल्या केसांची आणखी एक पोर तर जाताना हसली. रविवारी चहा घेताना मी चाळीतली खबरबात सांगायचो. इन्स्पेक्टर नळावर भांडण सोडवतो. जांभळ्या लुगड्यातली म्हातारी लोणचं घालते. जागा अपुरी पडायला लागली तेव्हा सत्त्याण्णव साली मी वर एक मजला चढवला. कुणाची परवानगी लागत नव्हती. बायडाबाई मधेच हटकायची, "आठव्या खोलीचं दार कुरकुरतंय म्हणालासा ते दुरुस्त केलं का न्हाई?" आणि मी करून टाकायचो.

एकदा वाटलं होतं की खरंच जयसिंगपूरला जावं, फाटक ओलांडून तिसरी गल्ली बघावी. गाडी फुकट, वेळ भरपूर. गेलो नाही. झाड नसलं तर वाईट वाटलं असतं. आणि असलं तर त्याहून वाईट.

६

दोन हजार तीन साली मी रिटायर झालो आणि दोन वर्षांत मोतीबिंदूनं गाठलं. माझा डावा डोळा लहानपणीच विटी लागून कामातून गेलेला. सगळा कारभार उजव्यावर. त्याचंच ऑपरेशन करायचं म्हणजे एक दिवस पुरता अंधार. मी बायडाबाईला म्हणालो, एक दिवस तुझ्या घरी राहून येतो.

ऑपरेशन काल झालं. टेबलावर असताना एकदा छातीत कळ आल्यासारखं वाटलं. कुणीतरी घाईघाईनं काहीतरी बोललं, एक ट्रे पडला. मग बरं वाटलं. एकदम बरं वाटलं. घरी कसा आलो ते मला नीट आठवत नाही. भुलीचं औषध जास्त झालं असणार. डोळ्यांवर पट्टी आहे. डॉक्टरांचं सांगणं एवढंच होतं की उताणं पडायचं, उठायचं नाही, भेटायला कुणी नको, आणि पट्टी सकाळी नऊला काढायची.

आतल्या खोलीत पडून मी हे मनाशी जुळवतो आहे. उशाशी बायडाबाई आहे. आज सांगायचं काम तिचं.

"मनी खिडकीत आली," ती म्हणते. "पाय चाटत बसली. शेजारच्या आक्का धुणं वाळत घालाय लागल्यात. निळ्या साडीचा रंग पार गेलाय."

"रंग तुला कसा कळला?"

ती हसते. "वीस वर्सं तुमी सांगितलंसा. म्या काय नुस्तं बसून ऐकलं?"

चांगलं सांगते हो. पुढं पळत नाही, मागं रेंगाळत नाही. मला वाटलंच नव्हतं. इतकी वर्षं मी फक्त एका गोष्टीला भीत आलो, की माझ्यामागं हिला कोण सांगणार. आणि हिला स्वतःला सांगता येईल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. अहंकार म्हणायचा, दुसरं काय.

७

चहा तीनदा आला. मी तीनदा विचारलं, वाजले किती? तिन्ही वेळा ती म्हणाली, "व्हायचंत नऊ." आक्का बाहेर अजून धुणंच वाळत घालतायत, ओलं कापड झटकल्याचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. फार कपडे असतील. मला भूक नाही. डोळा दुखत नाही. कधी नव्हे ते गुडघाही दुखत नाही.

मग बाहेरच्या दारात चपला वाजल्या. बायडाबाई उशाशी होती ती केव्हा उठून गेली मला कळलं नाही. तिचा आवाज बाहेरच्या खोलीतून आला.

"कोण?"

"वैनी, म्या बाळासो." मग नुसतं, "जोतीराम...?"

ती थांबली. किती थांबली ते मी मोजू शकलो, कारण ती नेमकी माझ्याइतकीच थांबली, जिथं मी श्वास घ्यायचो तिथंच तिनं श्वास घेतला.

"त्ये जयसिंगपूरला गेल्यात."

मला हसू फुटणार होतं. डॉक्टरांनी भेटायला मनाई केलीय, म्हणून बाई थाप मारतेय! आणि थाप तरी कुठली, माझीच. आता बाळासो म्हणणार, 'थापा नका मारू वैनी, आत खोकलाय त्यो, ऐकलं म्या.' मी मुद्दाम खोकलो.

बाळासो बडबड्या माणूस. पण माझ्या खोकल्याकडं त्यानं लक्षच दिलं नाही. खुर्ची करकरली. कुणीतरी नाक ओढलं. मग त्यानं विचारलं, "एकटाच गेला?"

"व्हय. खिडकी मिळाली." आणि मग, न विचारता, ती पुढं सांगायला लागली. अर्ध्यात सोडलं नाही तिनं. "उतरल्यावर त्यास्नी कुनाला इचारायला लागत न्हाई. फाटक वलांडलं की तिसरी गल्ली. दारात आई हुबी हाय. म्हनती, या जावाईबापू, खोली झाडून ठिवलीया. नळाला पानी हाय. मानसं वळखीचीच हायती समदी."

आवाज कुठंही हलला नाही. बिचारा हा शब्द नाही. माझी छाती अभिमानानं भरून आली, खरंच सांगतो. मी शब्द पाळला की मोडला ते नऊला पट्टी निघेल तेव्हा कळेल. पण मोडला असला तरी ती अंधारात राहणार नाही, एवढं मला त्या बाहेरच्या खोलीतून ऐकू आलं आणि मी निवांत झालो.

एकच चूक केली तिनं.

"आत शिरताना डाव्या हाताला कडुनिंब," ती म्हणाली.

उजव्या! मी ओरडणारच होतो. अकरा सालांमागं मी स्वतः लावलंय, उजव्या हाताला, कट्ट्यासकट. पण सांगणाऱ्याला मधे तोडू नये, हे मी स्टँडवर लोकांनी हजारदा मधे तोडल्यावर शिकलोय. आणि आज सांगणारी ती. मी गप्प पडून राहिलो.

धुणं झटकायचा आवाज थांबला. वारा सुटला असावा. आधी एक फांदी, मग सगळं झाड. पानांची ती बारीक, दाट सळसळ ओळखायला डोळे लागत नाहीत.

मी पट्टीआड डोळा मिटून नीट कान दिला.

डाव्या हाताला होती.